फ्यूज काढल्यावर उरलेला आवाज

आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापून आठवडी बाजारात वाटायचे आणि मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर. करणी, भानामती, अंगात येणं... या शब्दांच्या आडून गरिबाला नागवलं जातं, असं मी लिहिलंय आणि त्यातला एक शब्दही आज मागं घेत नाही. त्यामुळं पुढं जे सांगतोय त्याला कुणी चमत्कार म्हणू नये. मी फक्त घडलं तसं सांगतो.

ठिकाण सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. भूकंपानंतर बांधलेल्या वसाहतीतलं आमचं घर. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट, सकाळी आठची.

आईला काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलेला, डाव्यात निम्मा उजेड उरलेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दोनदा दिली आणि दोन्ही वेळा आई लोहाऱ्याच्या स्टँडवर एसटीतून उतरून घरी आली. तिसरी तारीख देताना डॉक्टर म्हणाले, "ही चुकवू नका. गेलेला उजेड आम्हाला परत आणता येत नाही."

ती का उतरते हे आम्हाला माहीत होतं. भूकंप झाला तेव्हा ती पंचविशीची होती, माझा जन्म व्हायचा होता. वडील बाहेरगावी. घरात ती, आजी आणि माझी चार वर्षांची बहीण. पहाटे तिला घरघर ऐकू आली. तिला वाटलं, सासूबाई जात्यावर बसल्या. उठून त्यांच्या हाताला हात लावायला हवा होता, पण अंग जड झालेलं... ती कुशीवर वळली. मग माळवद खाली आलं. तिला लोकांनी जिवंत काढलं. आजी आणि बहीण गेल्या. भूकंपाला जातं समजून आपण पडून राहिलो, लेकराला उचललं नाही, ही टोचणी तिला तीस वर्षं आहे. एसटीचं इंजिन खालच्या आवाजात घरघरायला लागलं की ती उठते.

म्हणून मी एक जुनी, पण इंजिन जवळजवळ ऐकूच येत नाही अशी पेट्रोल गाडी घेतली. अडचण एकच निघाली. आधीच्या हौशी मालकानं कंपनीच्या स्टिरिओला बाहेरचा अॅम्प्लिफायर जोडून डिकीत सबवूफर बसवला होता – म्हणजे लाकडी डब्यातला मोठा स्पीकर, फक्त छातीत बसणारा ढोलासारखा आवाज काढणारा. आई मागच्या सीटवर बसली की त्यातून घरघर यायची. स्टिरिओ बंद असताना.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच मी सलीमभाईंना बोलावलं. गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं लोहाऱ्यात दुकान आहे.

"लेखकसाहेब, तुमचं एखादं पत्रक वाचून दाखवा याला," डिकीत डोकं घालून ते म्हणाले. "आपसूक गप बसंल."

"अर्थिंग बघा आधी."

"हां, आता तुमीच शिकवा मला."

अर्थिंग खराबच होतं, वायर रंगावरूनच आवळलेली. त्यांनी रंग खरवडला, लोखंड उघडं केलं, वायर पुन्हा घट्ट बसवली. आई बसली. घरघर. कंपनीच्या स्टिरिओकडून आवाज आणणाऱ्या पिना उपसल्या. घरघर. मग बॅटरीजवळचा फ्यूज काढला, अॅम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. तरी घरघर. शेवटी स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवून मोकळ्या लोंबत ठेवल्या. आता डब्यात नुसता स्पीकर, कशालाही न जोडलेला. सलीमभाईंनी त्याला मीटर लावला. शून्य.

त्यांनी मीटरची टोकं पुसून पुन्हा लावली. तेच. "मावशी, जरा उतरा बरं."

आई उतरली, आवाज थांबला. मी बसलो, शांत. "वजनानं पत्रा थरथरत असंल," असं म्हणून सलीमभाईंनी सोयाबीनचं पोतं सीटवर टाकलं. शांत. आई बसली आणि पुन्हा सुरू. मी स्पीकरच्या पडद्यावर बोटं ठेवली. पडदा हलत होता. शेजारची गिरणी म्हणावी, तर लाइट पहाटेपासून गेलेली. जमीन हलतेय म्हणावं, तर बोनेटवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी स्थिर. मोबाईलवर रेकॉर्ड केलं – नंतर ऐकलं तेव्हा त्यात फक्त सलीमभाईंचा खोकला होता.

आईनं दार उघडून एक पाय खाली टाकला होता. घामानं तिचा चेहरा भिजला होता.

"आई, उतरू नको. नुसता बिघाड आहे."

"बिघाड हाय तर काढ की मग. घंटाभर काय करायलाव?"

"डबाच काढतो, मावशी," सलीमभाई म्हणाले. "चारच बोल्ट हायत." त्यांनी पाना लावला.

"थांब रं, सलीम."

तिनं डोळे मिटले होते. "मधी मधी थांबतंय ते."

मग मीही ऐकलं. इतका वेळ मी मीटर आणि वायरी बघत होतो, ऐकत नव्हतोच. घरघर... एका श्वासाएवढी शांतता... पुन्हा घरघर.

"जात्यात मूठ टाकत्यात," आई म्हणाली. "दाणं टाकायला हात थांबतो. धरणीकंप कसा थांबंल, प्रताप? त्यो थांबत न्हाय."

सलीमभाईंनी पाना खाली ठेवला.

"त्या पहाटंबी थांबत व्हतं. म्या इसरलेच व्हते. दोनदा थांबलं, मग म्या कुशीवर वळले. खरंच दळत व्हत्या रं त्या. धरणीकंप मागनं आला."

माझ्याकडं उत्तर तयार होतं. तीस वर्षांनी माणूस हवं ते आठवतं, दुःख आवाजाला अर्थ चिकटवतं – हे मी स्वतः लिहिलेलं आहे. मी तोंड उघडलंही. सलीमभाईंनी नको म्हणून मान हलवली. मी डिकी लावून घेतली.

आईनं पाय आत घेतला, दार ओढलं. "चल. बाराला बोलावलंय नव्हं?"

मी इंजिन सुरू केलं. ती उतरली नाही. डिकीतला आवाज कधी थांबला, ते मला सांगता येणार नाही. नळदुर्गच्या पुढं ती आपणहून बोलायला लागली. माझ्या बहिणीला म्हणे भाकरीचा फक्त पापुद्रा लागायचा, खालचा भाग ती गुपचूप कुत्र्याला घालायची. बहिणीच्या मरणाशिवाय तिच्याबद्दल मी ऐकलेली ही पहिली गोष्ट.

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यात होता तेवढा उजेड टिकला. सलीमभाईंनी तो सबवूफर नंतर एका जीपमध्ये बसवला, तिथं तो नीट वाजतो. शेजारची एक बाई गाडीला कुंकू लावायला आली होती, तिला मी दारातूनच परत पाठवलं आणि त्यावरून भांडणही झालं.

कारण मला सापडलेलं नाही. वायरिंगच्या माहीतगार माणसांना विचारलं, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना विचारलं. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा, मी ते पत्रक म्हणून छापेन आणि बाजारात स्वतः वाटेन. फक्त आईला ते वाचून दाखवायचं की नाही, हे माझं अजून ठरत नाही.