मदतीची तुकडी

सासऱ्यांना मी मामा म्हणते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बैलगाडा शर्यतीच्या घाटावर तासन्‌तास उभं राहणं त्यांना जमेना. घरात बसून ते सगळ्यांवर खेकसायला लागले, तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांच्या हातात टॅब दिला आणि त्यात लढाईचा एक खेळ घालून दिला. आपला किल्ला बांधायचा, सैन्य जमवायचं, दुसऱ्याचा किल्ला फोडायचा. नवऱ्याला वाटलं, आठवडाभर रमतील. मामांनी महिन्याभरात घाटावरचे जुने दोस्त त्यात ओढले. मोशी, आळंदी, पार चाकणपर्यंतचे टोपीवाले म्हातारे आणि आम्ही घरचे, अशी पंधरा जणांची टोळी तयार झाली. मी हसले होते तेव्हा. पुढे मीच त्यात गळ्यापर्यंत बुडाले.

मी चिंचवडच्या एका शाळेत गणित शिकवते. दुपारी दोनला सांगवीला घरी येते. जेवण उरकलं की मामांच्या शेजारी खुर्ची ओढायची आणि सैन्य निवडायचं, हा आमचा दोघांचा तास होता. छावणीत जागा दोनशे. पहिलवान वीस जागा खातो, घोडेस्वार पाच, धनुर्धारी एक. वैद्यीण चौदा जागा अडवते, स्वतः हात उचलत नाही, पण मागे राहून इतरांच्या जखमा भरते. ही नावं मामांनीच ठेवलेली. खेळातली इंग्रजी नावं त्यांनी एकदाही तोंडातून काढली नाहीत.

"गाड्याला चार बैल लागत्यात," ते सांगायचे. "पुढची जोडी जुकाटाची, ती चपळ पायजे. मागची धुरीची, ती जड. चारी नुसते पळणारेच घातले तर गाडा उलथतो."

"पण तुमचे पहिलवान बसत नाहीत मामा. पाच जागा कमी पडतात."

"मंग घोडा काढ की एक."

"घोडा काढला तर मागे कोण राहील?"

"तू मला शिकवती व्हय गं?"

असं आमचं चालायचं. आवाज चढायचे, ते टॅब माझ्या हातातून हिसकावून घ्यायचे, आणि शेवटी "बरं, तू सांग, काय घालायचं?" म्हणायचे. सोळा वर्षं मी या घरात चांगली सून होते. माहेरी वडिलांनी मला कधी काही विचारलं नाही आणि सासरी ती वेळ आली नाही. "तू सांग" हे मला पंचेचाळिशीला आल्यावर, एका खेळापायी ऐकायला मिळालं.

मग धाकट्या जावेने तो खेळ घेतला.

ती चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. लग्नाला दोन वर्षं झालीत. मामांना ती पप्पा म्हणते, आणि तेही मला खुपतं. कंपनीच्या बसमध्ये वेळ जात नाही म्हणून तिने खेळायला सुरुवात केली. एके दिवशी तिने सगळे पहिलवान काढून टाकले आणि एकशे चव्वेचाळीस धनुर्धारी आणि चार वैद्यिणी घेऊन निघाली. मी कागदावर हिशोब मांडून सांगितलं, अर्ध्या वाटेत संपतील. तिने तो किल्ला झाडून साफ केला. मामांनी मांडीवर थाप मारली. "हिच्या हाताला गुण हाय," ते म्हणाले, आणि माझ्या कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्यानंतर दुपारी मी खुर्ची ओढली की मामा म्हणायचे, "थांब जरा. ती बसमधी बसू दे, मंग बघू." मी जळले. दुसरा शब्द नाही त्याला. तिच्या डब्यात भाजी भरतानासुद्धा जळत होते.

शनिवारी संध्याकाळी सहाला आमची आठवड्याची लढाई संपते. त्या शनिवारी शेवटची चढाई मामांनी तिला दिली. समोरचा सगळ्यांत मोठा किल्ला. तोवर शेवटची चढाई नेहमी मला मिळायची.

या खेळात चढाईआधी टोळीतल्या कुणाकडूनही मदतीची एक तुकडी मागता येते. आली की परत पाठवता येत नाही. मामा तिला मागून आणलेला बैल म्हणायचे. घाटावरची रीतच होती तशी. दोस्ताने गाड्यासाठी बैल मागितला तर दावणीतला चांगलाच सोडायचा. कुणी मुद्दाम लंगडा बैल दिला असं कानावर आलं, तर मामा त्या घरचं पाणी प्यायचे नाहीत. मला हे सगळं ठाऊक होतं.

तिचा निरोप आला, "दोन वैद्यिणी द्या कुणीतरी. बसमध्ये बसले की लगेच चढाई करते." मामा चहा पीत होते. मी वैद्यिणी सोडून सुरुंगवाले पाठवले. हे लोक भिंतीकडे धावतात, स्वतःला उडवून घेतात आणि संपतात. बोट घसरलं नाही माझं. मी नीट बघून दाबलं.

तिच्याकडे जेमतेम दहा मिनिटं होती. मदत आलेली दिसली आणि ती चढाईला निघाली. एक बुरूज उरला. एका बुरजाने टोळी हरली.

सात वाजता ती घरी आली. खांद्यावरची बॅगही तिने उतरवली नव्हती. "पप्पा, मी वैद्यिणी मागितल्या होत्या. सुरुंगवाले कुणी पाठवले?"

खेळात त्याची नोंद राहते, कुणी काय पाठवलं त्याची. चष्मा लावून मामा तीच यादी वाचत होते. माझ्या नावावर त्यांचं बोट थांबलेलं मला दिसलं. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे, फार वेळ नाही.

"मीच सांगितलं हिला," ते म्हणाले. "मला वाटलं तट जाड हाय. चुकलं माझं."

"असू दे हो पप्पा," ती हसली. मग मला म्हणाली, "ताई, तुम्ही बसा. चहा मी टाकते." तिने माझ्या चहात आठवणीने आलं घातलं.

सोमवारी दुपारी मामांनीच हाक मारली. "ये गं. सांग, काय घालायचं."

तेव्हापासून माझा तास मला परत मिळाला आहे. मी म्हणते पहिलवान, ते म्हणतात बरं. मी म्हणते घोडे काढू, ते म्हणतात काढ. एकदा मुद्दाम सगळे सुरुंगवाले घातले, तरी म्हणाले, "तुला ठीक वाटतंय ना, मंग झालं." मदतीची तुकडी मात्र माझ्याकडून ते मागत नाहीत. सहाच्या सुमारास तिचा बसमधून फोन येतो. मी आत कणीक मळत असते आणि बाहेर मामा ओरडत असतात, "न्हाई, आजिबात न्हाई! तू मला शिकवती व्हय गं?"