उलट्या चुडीचे पाच रविवार

किस्से गोळा करायला आम्ही कधी बसलो नाही. बसलो होतो एक सायकल दुरुस्त करायला. पाच रविवार गेले, आणि पार्टपेक्षा किस्सेच जास्त निघाले!

आमचा सायकल ग्रुप तीन जणांचा. मी सेक्टर दोनला राहते, शाळेत गणित शिकवते. वानखेडे काका स्टील प्लांटच्या मशीन शॉपमधून रिटायर झालेले टर्नर, घर रुआबांध्याला. आणि दुर्गच्या मोहन नगरचे मेश्राम भाऊ, रेल्वेत डब्यांचे फिटर. सायकल काकांच्या मुलाची, निखिलची. जुनी माउंटेन बाइक. निखिल नोकरीला बेंगळुरूला गेला आणि एकदा फोनवर म्हणाला, "पापा, कबाडी को दे दो." काकांनी दुसऱ्याच दिवसापासून ती चालवायला घेतली!

*

पहिल्या रविवारी आवाज. पॅडल मारलं की 'कट्'!

मेश्राम भाऊंनी फ्रेमला कान लावला. "पॅडलचा एक्सल ज्या नळीतून जाते ना, थेच ढिलं हाय. बॉटम ब्रॅकेट!"

काका उतरले, सायकल स्टँडवर लावली आणि चहाच्या टपरीकडे चालू लागले. कट्. कट्. आम्ही वळून पाहिलं, सायकल तर जागेवर उभी!

"काका, हा तुमचा गुडघा आहे!"

"असू दे. आधी सायकल. गुडघ्याचे पार्ट दुर्गात भेटत नाहीत!"

*

पुढच्या रविवारी काकांच्या अंगणात खोलायला घेतली. नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक कप कसलेला असतो. डावा पटकन निघाला. उजवा हलेना! भाऊंनी पान्ह्यावर लांब पाइप चढवला आणि तासभर लोंबकळले. घामाघूम!

मी मोबाइलवर शोधलं. "भाऊ, उजवीकडे उलटी चुडी असते म्हणे." आट्यांना आमच्याकडे चुडीच म्हणतात.

"मंग मी तासभर काय करून राहिलो?"

काका तेवढ्यात चहा घेऊन बाहेर आले. "टाइट करून राहिला! मले वाटलं, रेल्वेवाला आहे, काही विचार करूनच कसून राहिला असंल!"

*

नवा सेट आणायला भाऊ दुर्गच्या बाजारात गेले. बॉटम ब्रॅकेटला दुकानात सगळे 'बीबी'च म्हणतात. भाऊंनी तिथूनच घरी फोन लावला, "उशीर होईन. बीबी घेऊन येतो."

वहिनी म्हणाल्या, "आणा ना! पोळ्या तिलेच टाकाले सांगा!"

*

उलटा फिरवल्यावर जुना कप निघाला होता, पण नवा उजवीकडे बसेना. अर्धा फेरा जायचा आणि तिरपा होऊन अडायचा. काकांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि करंगळी नळीच्या आत फिरवली.

"पहिल्या दोन चुड्या मेल्या. कोनं तरी तिरपा घालून जोरानं कसला हाय."

मी विचारलं, "निखिलने?"

निखिलने अकरावीत असताना ही सायकल खोलली होती, हे मला माहीत होतं. काकांनी करंगळीवरचं ग्रीस पुसलं.

"त्यानं खोललं होतं," ते म्हणाले. "बसवलं मी. सेकंड शिफ्ट होती, घाई होती." मग हळूच म्हणाले, "आन रागावलो त्याच्यावर."

जन्मभर चुड्या पाडणारा टर्नर!

*

चुड्या साफ करायचं हत्यार, टॅप, कुठेच मिळेना. एक दुकानदार म्हणाला, "नया फ्रेम ले लो, अंकल."

काका तावातावाने घरी आले. उजवीकडचा जुना स्टीलचा कप वाइसच्या जबड्यात पकडला आणि हॅकसॉ करवतीने त्याच्या चुड्यांना चार आडव्या खाचा पाडल्या. झाला टॅप! भरपूर तेल, अर्धा फेरा आत, पाव फेरा मागे. खाचांतून काळा कीस निघायला लागला. मी कापडाने पुसत होते, भाऊ तेल सोडत होते आणि काका कोणाला बोलू देत नव्हते.

मग नवा कप लावला. दोन बोटांनी फिरवला आणि तो सरसर आत गेला!

भाऊ एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू बाहेर आल्या, "कोनाले नोकरी लागली?"

*

सायकल जोडून झाली, तशी काकांनी निखिलला व्हिडिओ कॉल लावला. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. फोन भाऊंच्या हातात कोंबला आणि सायकलवर टांग टाकली.

"भाऊ, नळीजवळ धर!"

काका पॅडल मारताहेत, भाऊ कंबरेत वाकून, फोन नळीला लावून बाजूने पळताहेत आणि मी मागून हसत धावतेय. रुआबांध्याची अख्खी गल्ली दारात आली!

फोनमधून निखिल ओरडला, "पापा, क्या कर रहे हो? कुछ सुनाई नहीं दे रहा!"

काका त्याहून जोरात ओरडले, "तेच तर ऐकवून राहिलो बे!"