आल्बिनाने रिकामा केलेला रकाना

वसईजवळच्या पापडी गावच्या आल्बिनाला कोणी ‘वेबसाइटवाली’ म्हटलं की ती लाजायची, पण मनातून सुखावायची. दिवसभर गोखिवऱ्याच्या कारखान्यात बिलं टाइप करणारी ही बाई. आखातात गेलेल्या गावच्या पोरांसाठी तिने हौसेने गावाची वेबसाइट काढली होती. सुरुवातीला रोजच्या बातम्या स्वतः टाइप करून ती मेटाकुटीला यायची. मग दोन हजार सहाच्या सुमारास तिला कळलं, की वसईची एक बातम्यांची साइट आपले मथळे ‘फीड’ म्हणून सगळ्यांना देते. त्यांचा छोटासा कोड आपल्या पानावर डकवायचा, की तिकडे बातमी पडताच इकडे आपोआप उमटते. आल्बिनाने तो डकवला आणि पानाच्या उजव्या रकान्यात बातम्यांची रीघ लागली. कुवेतची पोरं खूश, आल्बिना त्याहून खूश!

आणि मग निवडणुकीच्या मतमोजणीचा दिवस उजाडला. अख्ख्या आखाताचे डोळे त्या रकान्याकडे. कामाला निघण्यापूर्वी आल्बिनाने पान उघडलं, तर सगळ्यात वर मथळा: ‘पापडीच्या कॅथरिन लोपीस यांचे निधन’.

कॅथरिनमावशीचा मुलगा हिलरी कुवेतला होता, आणि कामावर पोचल्या पोचल्या आधी हीच साइट उघडायचा. तिने धावत फोन गाठला. हिलरीच्या बहिणीने, लतिकाने उचलला.

“हिलरीला कळवलं?”

“नाय गं अजून. तिथला आपल्या गावचा माणूस दुपारी कामावरून सुटेल, त्याच्यापाशी जाईल, मग सांगेल. एकट्याला कसं सांगायचं?”

त्यांच्या घरात मरणाचा निरोप कधी फोनवर दिला नव्हता. सांगणारा दारात यायचा, आधी बसवायचा, मग बोलायचा. परदेशात गेले म्हणून ते सोडतील होय?

पण यंत्राला कुठली रीत! रकाना आल्बिनाचा असला तरी आतल्या ओळी दुसऱ्याच्या. नेमकी एकच ओळ कशी काढायची हे तिला तेव्हा येत नव्हतं, आणि शिकत बसायला वेळ कुठे होता? तिने सरळ कोडच पुसून टाकला. ऐन निकालाच्या दिवशी रकाना कोरा.

संध्याकाळी परतली तर साइटवर शिव्यांचा पाऊस. “निकाल कुठाय? झोपलीस काय?” एकाने तर तिला पडलेल्या उमेदवाराची माणूस ठरवलं. एवढ्या कष्टाने कमावलेलं नाव एका दिवसात धुळीला मिळालं. तिला रडू आलं, पण कारण तिने एकालाही सांगितलं नाही. मला या बाईचं कौतुक वाटतं ते इथे.

अंत्यविधी हिलरीसाठी थांबवला होता. तो उरकल्यावर, लतिकाकडून त्या सकाळच्या फोनचं ऐकून, हिलरी आल्बिनाच्या दारात आला.

“सकाळी तुझी साइट उघडली होती, बाय. बातम्याच नव्हत्या. म्हटलं, चला, मधल्या सुट्टीत आईसाठी शाल घेऊन येऊ. दुकानात तिच्या आवडीचा रंग शोधत बसलो. दुपारपर्यंत मला आई होती.”