देशी खाली, इंग्लिश वर

राग आला की माणसाने घरात बसावं, एसटीत बसू नये. हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर पालीच्या बाजारात माझी जी शोभा झाली ती टळली असती. सांगते. पण मध्ये हसायचं नाही, कारण मी अजून चिडलेलीच आहे, आणि नक्की कुणावर चिडावं हे अजून ठरलेलं नाही.

तर मी रत्नागिरीत चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. शेवटचं वर्ष. आमच्या सामंत मॅडमनी यंदा आमच्यासाठी खरंखुरं काम आणलं. पालीच्या एका वाचनालयाला नवीन जागा मिळाली होती, वरच्या मजल्यावर एक मोठी खोली, नुसत्या भिंती आणि खिडक्या. ती आतून कशी असावी, रंग कुठला, बसायचं कशावर, कपाटं कुठे, हे आम्ही सुचवायचं. वाचनालयाची समिती एक कल्पना निवडणार आणि खोली खरोखर तशी करून घेणार. आजवर आमची सगळी कामं मार्क मिळाले की कपाटावर धूळ खात पडायची. हे मात्र उभं राहणार होतं. माणसं त्यात बसणार होती.

माझ्या गटात दोघं, नदीम आणि मुग्धा. नदीमला कुठलीही भिंत द्या, तो तिच्यावर कातळशिल्पं काढतो. रत्नागिरीत हल्ली कातळशिल्पं नसलेली भिंत मिळणं मुश्कील झालंय, त्यात निम्मा वाटा या एकट्याचा असेल. मुग्धाला सगळं फिकं लागतं. फिकी भिंत, फिकं लाकूड, फिके पडदे. तिच्या हातात दिलं तर ती सोलकढीचाही रंग काढून टाकेल.

आणि माझी कल्पना होती सडा. आमच्या गावाच्या डोक्यावर कातळाचा सपाट सडा आहे. संध्याकाळी माणसं तिथे जाऊन कुठेही टेकतात, कोणी पाय सोडून, कोणी आडवं. मला वाचायची खोली तशी हवी होती. खिडक्यांच्या कडेने जांभ्या दगडाच्या रुंद बुटक्या पायऱ्या, ज्याला जसं बसायचं तसं बसावं, वर छताला संध्याकाळच्या आभाळाचा रंग. सांगा, काय वाईट आहे यात?

मॅडमची पद्धत अशी, की सगळ्यांनी आपापली चित्रं भिंतीला टाचायची आणि बाकीच्यांनी त्यावर चिठ्ठ्या चिकटवायच्या. कल्पना वाटून घेतल्या की वाढतात म्हणे. माझ्या चित्रावर मुग्धाने चिठ्ठी लावली, ‘पाठ दुखेल.’ नदीमने लावली, ‘उशी?’

उशी. आणि पुढे प्रश्नचिन्ह. आठवडाभराच्या जागरणावर.

“वाटून घ्यायच्या म्हणजे पाट्यावर वाटायच्या नाहीत,” मी म्हटलं.

“अगो, नुसतं सुचवलंय,” मुग्धा म्हणाली. “एवढी तापतेस कशाला?”

आता तापलेल्या माणसाला तापलास म्हणणं म्हणजे चुलीला फुंकर घालणं. मी चित्र भिंतीवर तसंच सोडलं, दार आपटलं, आमच्या गटाच्या फोनवरच्या ग्रुपमधून बाहेर पडले, आणि ठरवलं की यांच्या चिठ्ठ्या गेल्या खड्ड्यात, आपण स्वतः पालीला जायचं आणि समितीलाच आपली कल्पना सांगायची. एकटीने.

यात एकच अडचण होती. बाकीचे सगळे मॅडमबरोबर जागा बघून आले तेव्हा मी तापाने झोपलेली होते, म्हणजे ती खोली मी पाहिलेली नव्हती. पत्ता ग्रुपवर होता. आणि ग्रुपमधून कोण बाहेर पडलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी पकडली. हातखंबा येईपर्यंत मी मनात मुग्धाशी भांडत होते, पुढे पालीपर्यंत नदीमशी. उतरले तेव्हा दोन्ही भांडणं मी जिंकलेली होती आणि डोकं नुसतं सणसणत होतं. बाजारात एका भाजीवाल्या काकांना विचारलं, “इथे नवीन हॉल कुठे होतोय, लोकांना बसायचा? आतलं काम व्हायचंय तो.”

वाचनालय हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. रागात माणूस नेमका तेवढाच शब्द गिळतो.

“होय तर,” काका म्हणाले. “मेडिकलच्या पाठीमागे जिना आहे बघा. वर जा.”

वर गेले. मोठी खोली, उघड्या विटांच्या भिंती, खिडक्यांना नुसत्या चौकटी, काचा अजून बसायच्या होत्या. मध्ये एक पन्नाशीचे, पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ फोनवर कुणाला तरी झापत होते. मला बघून त्यांनी फोन ठेवला.

“तुम्ही इंटिरियरच्या ना? या मॅडम, या. मी बाबू. बाबूशेठ म्हणतात सगळे. मुंबईच्या भावाने सांगितलं होतं, एक बाई पाठवतोय म्हणून. एवढ्या लहान असाल असं नव्हतं वाटलं.”

मला कोणी मॅडम म्हणायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. मुंबईचा भाऊ कोण, हे विचारायचं मला सुचलंच नाही. समितीतलाच कोणीतरी असेल, सामंत मॅडमच्या ओळखीचा. मी वहीच काढली.

“तुमच्या मनात काय आहे ते आधी सांगा,” मी ऐटीत म्हटलं.

“हे बघा, एक तर उजेड वायच कमी ठेवा.”

“कमी? अहो, तासन्‌तास बसणार लोक. डोळे जातील त्यांचे.”

“डोळ्यांच्या आधी दुसरंच कायतरी जातं,” असं म्हणून ते स्वतःच हसले. मला वाटलं, फार वाचलं की डोकं जातं असं म्हणतायत. वाचनालयाच्या समितीत असली माणसं? माझा पारा एक घर वर चढला.

“समोर काचेची कपाटं. माल दिसला पायजे. इंग्लिश वर, देशी एकदम खाली. खरं तर देशी ठेवूच नये असं माझं मत आहे.”

तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही. मला फक्त ‘माल’ ऐकू आलं आणि माझ्या मराठीचा अपमान दिसला.

“देशी खाली का?” मी विचारलं.

“इंग्लिश वरच असते मॅडम, सगळीकडे.”

“म्हणूनच आपली ही अवस्था आहे. आपल्या मातीतलं आपणच पायाशी ठेवणार? उलट देशी पहिल्यांदा दिसली पाहिजे, दारातून आत आल्या आल्या, डोळ्यांसमोर. मी तर म्हणते, या गावात इंग्लिश ठेवायचीच गरज नाही.”

“देशीवाली गिऱ्हाइकं भांडणं करतात हो.”

“करू देत. भांडणं झाली पाहिजेत. त्यातूनच माणूस घडतो. आणि गिऱ्हाईक काय म्हणता? सभासद म्हणा.”

“सभासद,” बाबूशेठनी तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. “बरं वाटतं ऐकायला.”

मी पायऱ्यांची कल्पना सांगितली, सड्याची. ती त्यांना मनापासून आवडली. “म्हणजे पडला तरी लागायचं नाय,” ते म्हणाले. मी ते कौतुक म्हणून घेतलं. मग मी विचारलं बायकांचं. तर म्हणतात, फॅमिलीसाठी कोपऱ्यात पडदा लावू.

इथे माझा आवाज सुटला. माझा आवाज मोठा आहे, घरात मला कोणी फोन लावत नाही, पलीकडच्या वाडीतून हाक मारतात आणि मी तिथूनच उत्तर देते.

“पडदा कशाला? बायकांनी उघड्यावर बसलं तर काय बिघडतं?”

“मॅडम, ही पाली आहे.”

“मग? माझी आई आमच्या गावात रोज दुपारी जेवणं उरकली की पडवीत घेऊन बसते. येणारा-जाणारा बघतो. हातातली संपल्याशिवाय उठत नाही. बाबा मुंबईला नोकरीला, तिला तेवढाच विरंगुळा.”

बाबूशेठचा चेहरा एकदम उतरला. “होतं असं,” ते हळू आवाजात म्हणाले. “पुरुष मुंबईला गेला की घराची दशा होते. पण वायच सांभाळा त्यांना.”

“सांभाळायचं काय त्यात? मलाही तिनेच सवय लावली. पाचव्या वर्षी. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे, मुलांसाठी वेगळी जागा हवी. शाळा सुटली की पोरं थेट इथे आली पाहिजेत.”

बाबूशेठ सिमेंटच्या पोत्यावर बसले.

“पोरांना आत घेता येत नाय मॅडम. कायदा आहे.”

“असला कसला कायदा? उलट पोरं लहान असतानाच गोडी लागते, मोठेपणी नाही लागत. परीक्षेच्या दिवसांत तर तुम्ही सकाळपासून उघडं ठेवा. आणि ज्यांना घरी न्यायची त्यांना नेऊ द्या. पंधरा दिवसांत परत आणून दिली नाही तर दंड.”

“परत?” बाबूशेठ म्हणाले. “रिकामी बाटली म्हणताय काय?”

मी वहीतून मान वर केली.

“कसली बाटली?”

“परमिट रूमला कसली असते?”

खोली माझ्याभोवती सावकाश फिरली. काचेची कपाटं फिरली, देशी फिरली, आई पडवीसकट फिरली. “हे वाचनालय नाही?” मी विचारलं. माझा आवाज आता मुंगीएवढा झाला होता. मघाशी व्हायला हवा होता.

“वाचनालय ते काय, समोर,” बाबूशेठनी खिडकीकडे बोट केलं. “माझ्याविरुद्ध अर्ज केलाय मेल्यांनी.”

मी खिडकीकडे वळले. मध्ये बैलगाडी जेमतेम जाईल एवढी गल्ली, आणि पलीकडे तशीच खिडकी. त्या खिडकीत माणसं उभी होती. वाचनालयाचे अध्यक्ष आप्पा, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांच्यामागे समिती. समितीच्या बाजूला सामंत मॅडम. आणि मॅडमच्या मागे नदीम आणि मुग्धा, दोघांनी मिळून माझं सड्याचं चित्र धरलेलं होतं.

झालं होतं असं, की समितीने त्याच सकाळी सगळ्यांना बोलावलं होतं. निरोप ग्रुपवर आला होता. मी फिरकणार नाही असं दिसल्यावर या दोघांनी स्वतःची चित्रं बाजूला ठेवून माझं पुढे केलं. पायऱ्यांवर नदीमने उशा काढल्या होत्या, छान दिसत होत्या, मेल्या. आप्पांना चित्र आवडलं. त्यांनी विचारलं, हे कुणी काढलं? मुग्धा म्हणाली, आमच्या प्राजूने, ती आज आली नाही. आणि नेमकं तेव्हा प्राजूच्या आवाजात समोरून आलं, की पोरं लहान असतानाच गोडी लागते.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग चित्राकडे. मग चित्र मुग्धाच्या हातात नीट गुंडाळून दिलं.

“हुशार आहे मुलगी,” ते मॅडमना म्हणाले. “पण आमच्या कामाची नाही.”

मी गल्ली ओलांडून गेले, सगळं समजावलं, रडले, पुन्हा समजावलं. आप्पांनी ऐकून घेतलं. समजलंही त्यांना. पण परमिट रूमविरुद्ध गावभर सह्या गोळा करणाऱ्या माणसाने, परमिट रूममध्ये शाळकरी पोरं बसवा म्हणून ओरडलेल्या मुलीचं चित्र कसं निवडावं? त्यांनी दुसऱ्या गटाची कल्पना घेतली. फिकी भिंत, त्यावर कातळशिल्पं. मुग्धा आणि नदीमच्या कल्पना एकत्र केल्या असत्या तर जे झालं असतं तेच, फक्त दुसऱ्यांनी केलेलं.

परतीच्या एसटीत मी त्या दोघांवर चिडले. मला न विचारता चित्र का नेलं, म्हणून. मुग्धाने माझ्याकडे बघितलं आणि पिशवीतून काढून शेंगदाणे दिले. ती तशीच आहे, तिच्यावर धड चिडताही येत नाही.

बाबूशेठनी मात्र माझा शब्द खाली पडू दिला नाही. महिन्याभरात परमिट रूम उघडली. बुटक्या दगडी पायऱ्या, संध्याकाळचं आभाळ, सगळं मी सांगितलं तसं. पडदा नाही. लोक म्हणे बसले की उठत नाहीत. माझं आयुष्यातलं पहिलं उभं राहिलेलं काम, आणि मी ते आतून बघितलेलं नाही. आई पालीच्या बाजारात गेली होती तेव्हा कुणीतरी तिला बाबूशेठना दाखवलं. त्यांनी हात जोडून सांगितलं, वहिनी, दुपारची तेवढी सोडा. त्यानंतर आई माझ्याशी आठवडाभर फक्त ताटाच्या आवाजात बोलत होती.

मग परवा मला एक फोन आला. अनोळखी नंबर, भारदस्त आवाज. “आमच्याकडे एक नवीन हॉल झालाय,” तो म्हणाला. “बसायची चांगली सोय करायची आहे. पालीला तुम्ही काय सुचवलंत ते ऐकलं.”

माझ्या डोक्यात जाळ झाला. इतक्या दिवसांचा साठलेला. मी म्हटलं, “तुमच्यासारख्यांनीच गावं बुडवली. दिवसाढवळ्या माणसांना बसवायचं आणि नको ते पाजायचं, घरी आयाबहिणी नाहीत?”

“अहो, पण आम्हाला मुलांसाठी—”

“मुलांसाठी? मुलांना आत घेताय? पोलिसात देईन.”

आणि ठेवला फोन. काय हलकं वाटलं म्हणून सांगू. त्या पालीच्या दिवसानंतर पहिल्यांदा मी बरोबर माणसावर, बरोबर कारणासाठी चिडले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात सामंत मॅडम आल्या, माझ्या बाकाशी थांबल्या.

“प्राजक्ता, मिरजोळ्याकडच्या एका शाळेत मुलांसाठी वाचायची खोली करतायत. मी मुख्याध्यापकांना तुझं सड्याचं चित्र दाखवलं, त्यांना फार आवडलं, म्हणून तुझा नंबर दिला,” त्या म्हणाल्या. “तू त्यांना काय बोललीस? ते बिचारे विचारत होते, शाळेत आम्ही मुलांना नक्की काय पाजतो?”