गप्प बसायला शिकलेले अधिकारी

नवऱ्याच्या शर्टाची एक बाही इस्त्री होऊन कडक झाली होती, दुसरी अजून चुरगळलेलीच होती, तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. पलीकडे खुद्द साहेब होते, साऱ्या जिल्ह्यांच्या शाळांचे वरिष्ठ. या वेळच्या बैठकीला मी स्वतः येतो, म्हणाले. चहा-गप्पांपलीकडे काही दिसलं तर ठीक, नाहीतर हे प्रकरण बंद. प्रत्येकाने आपापला अहवाल पाठवावा म्हणजे झालं.

बाईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि तिथेच खुर्चीत बसल्या. नवरा आला, शर्ट उचलला, दोन्ही बाह्या पाहिल्या आणि तो तसाच अंगात चढवून कामावर गेला. संसारात मुरलेला माणूस तो.

बाई एका जिल्ह्याच्या शाळांच्या प्रमुख. पद मोठं, पण आधी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलेलं, म्हणून लहानथोर सगळे अजून त्यांना बाईच म्हणत. पद मिळाल्यावर त्यांना पहिली गोष्ट कळली ती ही, की आता 'मला हे जमत नाही' असं म्हणायला जागाच उरली नाही. खालच्यांना म्हणावं तर वचक जातो, वरच्यांना म्हणावं तर खुर्ची जाते. देवापुढे रोज म्हणत होत्या, पण देव काही वर्ग बघायला येत नाही. शेवटी त्यांनीच शेजारच्या तीन जिल्ह्यांच्या प्रमुखांना गाठलं. महिन्यातून एकदा एकमेकांकडे जायचं, वर्गात बसायचं, पाहिलेलं खरं बोलायचं. म्हणून ही बैठक. ती बंद पडली असती तर बाई पुन्हा एकट्या पडल्या असत्या.

तिघांच्या तीन तऱ्हा. एक दाढीवाले, अनुभवी आणि तिरकस. दुसऱ्यांना सगळे तक्तेवाले म्हणत, कारण ते जेवणाच्या डब्याआधी रंगीत तक्ते उघडत. तिसऱ्या धाकट्या बाई, नुकत्याच बढती मिळालेल्या, सगळ्यांपुढे जरा बिचकून असणाऱ्या.

सुरुवातीला व्हायचं तेच झालं. पाहुणे येणार म्हटलं की यजमान आपली सगळ्यात चांगली शाळा झाडून-पुसून दाखवी. हुशार मुलं पुढच्या बाकांवर, मग वाहवा, मग चहा. दाढीवाले एकदा म्हणाले, "आपण मुलगी बघायला आल्यासारखे येतो आणि पसंत आहे म्हणून जातो."

बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी मन घट्ट केलं. वाचनात त्यांचा जिल्हा सगळ्यांच्या तळाला होता. मुलं धडा घडाघडा वाचत, पण काय वाचलं ते विचारलं की दगडासारखी गप्प. बाईंनी तिघांना नेमकं तिसरीच्या तशाच एका वर्गात नेलं. झाकली मूठ उघडून दाखवण्यासारखंच होतं ते. एकच अट घातली: शिक्षिकेकडे कोणी बघायचं नाही, प्रत्येकाने एकच मूल निवडायचं आणि तासभर त्याच्याकडेच बघायचं.

तास संपल्यावर चौघं शाळेच्या सामानाच्या खोलीत बसले, मोडक्या बाकांच्या आणि गुंडाळलेल्या नकाशांच्या मध्ये. शिक्षिका तळमळीची होती, त्याबद्दल दुमत नव्हतं. मग धाकट्या बाईंनी चाचरत सांगितलं, की त्यांनी निवडलेली मुलगी, खिडकीजवळची, प्रत्येक प्रश्नाला तोंड उघडत होती, पण शब्द बाहेर यायच्या आत शिक्षिकाच उत्तर देऊन मोकळी होत होती. पुढे पुढे मुलीने तोंड उघडणंच सोडून दिलं. इतरांच्या मुलांचं तेच. विचारणारी तीच, सांगणारी तीच, शाबासकी देणारीही तीच.

तक्तेवाल्यांनी लगेच पेन काढलं. आदेश काढू, शिक्षकांनी उत्तरासाठी थांबावं. बरोबर ना? बरोबरच आहे, म्हणाले.

दाढीवाले खो खो हसायला लागले. "अहो, आत्ता तुम्ही काय केलंत? विचारलंत आणि आमच्या वतीने हो पण म्हणालात."

तक्तेवाल्यांसकट सगळेच हसले. खरंच होतं ते. चौघंही आयुष्यभर शिकवत आलेले. शिकवणाऱ्याला वर्गातली शांतता सोसवत नाही, ती दिसली की तो आपल्याच शब्दांनी भरून टाकतो. मुख्याध्यापकांच्या सभांतही ते हेच करत. आपणच विचारायचं, आपणच सांगायचं, आणि मग घरी येऊन कुरकुर करायची की लोक बोलतच नाहीत. बाईंनी त्या रात्री हे घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "मला तर रोज विचारतेस, जेवण झालं ना तुमचं, झालंच असेल. मी बापडी उपाशी असले तरी तुझं उत्तर ठरलेलं."

आदेश काही निघाला नाही. त्याऐवजी बाईंनी एक गंमत काढली. प्रश्न विचारला की विचारणाऱ्याने पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा, आणि दुसरं कोणी बोलेपर्यंत गिळायचा नाही. आधी आपण चौघांनी करायचं, जमलं तरच शिक्षकांना सांगायचं.

त्यानंतरच्या पहिल्या बैठकीत फजितीच झाली. तक्तेवाल्यांना दम धरवेना. त्यांना ठसका लागून पाणी थेट त्यांच्या लाडक्या तक्त्यावर उडालं आणि हिरवा रंग पिवळ्यात उतरला. पण त्या शांततेत धाकट्या बाई पहिल्यांदाच सलग बोलल्या, आणि असं नेटकं बोलल्या की दाढीवाल्यांनी दाढीवरून हात फिरवायचं थांबवलं.

मग बाईंनी घोट आपल्या मुख्याध्यापकांच्या सभेत नेला. मुलं वाचनात मागे का पडतात, एवढंच विचारलं आणि तोंडात पाणी धरून बसल्या. खुर्च्या करकरल्या, कोणी खोकलं, कोणी छताकडे पाहिलं. बाईंचे गाल दुखायला लागले. शेवटी मागून एक मुख्याध्यापक उठले, ज्यांचा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. वाचनाचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असतो, मुलं पेंगतात, म्हणाले. तो सकाळी घ्यायला परवानगी कोणाची लागते, तेच माहीत नव्हतं म्हणून वर्षानुवर्षं तसाच चालू ठेवला. परवानगी कोणाचीच लागत नव्हती. पुढच्या आठवड्यापासून अर्ध्याअधिक शाळांत वाचनाचा तास सकाळी आला. एक बोलले म्हणून दुसरे बोलले, आणि मग सभेला वेळ पुरेनासा झाला. तिथून घोट शिक्षकांच्या वर्गांत गेला, आणि बाकीच्या तिघांनीही तो आपापल्या जिल्ह्यांत नेला.

बैठकीच्या दिवशी साहेबांना आणि तिघांना बाईंनी त्याच तिसरीच्या वर्गात नेलं. काही सजवलं नाही, बाकही हलवले नाहीत. मनात मात्र देवाचा धावा चालला होता. साहेब गुडघे पोटाशी घेऊन छोट्या बाकावर बसले. धडा होता एका म्हाताऱ्याचा, ज्याला फार दिवसांनी मुलाचं पत्र येतं. साहेबही मूळचे मास्तरच. राहवलं नाही त्यांना. त्यांनी मध्येच विचारलं, म्हातारा पत्र फोडण्याआधी खुर्चीत का बसला? आणि उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच शिक्षिकेने हसून पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. दाढीवाल्यांनी खुणेनेच सांगितलं, घोट घ्या आणि धरा.

साऱ्या वर्गाचे डोळे साहेबांच्या फुगलेल्या गालांवर. शांतता लांबत गेली. बाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं होतं.

खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. "वाईट बातमी असली तर पडेल म्हणून बसला." मग जरा थांबून म्हणाली, "आणि चांगली असली तर परत परत वाचायची, म्हणून."

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, नाही, म्हाताऱ्याचे पाय दुखत असतील, तो लांबून चालत आला होता, आधीच्या पानावर लिहिलंय. तिसऱ्याने त्यालाही खोडून काढलं. बघता बघता वर्गात वादच पेटला, शिक्षिका भिंतीला टेकून हात बांधून उभी, आणि साहेब तोंडातलं पाणी गिळायचं विसरून एकाकडून दुसऱ्याकडे मान वळवत राहिले.

सामानाच्या खोलीत आल्यावर तक्तेवाल्यांनी नवा तक्ता उघडला. बाईंचा जिल्हा तळातून वर सरकला होता, आणि घोट नेलेले बाकीचे तिन्ही जिल्हेही. साहेबांनी तो नीट पाहिला आणि बाजूला ठेवला. बैठक बंद करायची नाही, म्हणाले. पुढची माझ्या कार्यालयात घ्या. तिथे मी विचारतो आणि मीच सांगतो, तेही एकदा येऊन बघा.

धाकट्या बाई म्हणाल्या, "मग साहेब, पेला मोठा लागेल." आणि आपणच बोललो यावर त्या स्वतःच दचकल्या.

चौघं फाटकापर्यंत हसत आले. बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. दाढीवाल्यांनी विचारलं, चला, कुठे सोडू? बाई म्हणाल्या, नाक्यावर सोडा, सासूबाईंच्या चष्म्याची दांडी तुटली आहे, ती बसवून घ्यायची आहे.