कोळशातून गाळलेलं दूध

कोळसेमास्तर कोळसा जिभेला लावून बघत. चिकटला तर पिशवीत टाकत, नाहीतर फेकून देत. "जिभेला धरतो त्याला भोकं भरपूर, वहिनी. कुणालाही राहायला जागा देतो तो," म्हणायचे. भाटघरचं धरण नुकतंच पुरं झालं होतं, त्या सुमाराची गोष्ट. मास्तर भोरला शास्त्र शिकवायचे आणि आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे.

माझी शांता तान्ही असताना विषमज्वरानं माझं दूध आटलं. गाईचं पाजलं की तिला जुलाब. पाय काड्यांसारखे झाले. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा मास्तर म्हणाले, "तिला दुधातली साखर पचत नसावी. मी फोडून देतो." काचेच्या नळीत कोळशाचा चुरा भरून त्यातून ते दूध थेंबथेंब सोडत, मग उकळून देत. तीच नळी रोज चालायची. शांतेनं बाळसं धरलं. सासूबाईंनी तर मास्तरांचीही दृष्ट काढली.

एका दुपारी वेल्ह्याकडचा धनगर फडक्यात काहीतरी बांधून दारात आला. "मास्तर हितंच ऱ्हात्यात न्हवं? थंडीनं कोकरू मेलं. आतडं आणलंय, मागल्यावानी."

सासूबाई कोनाड्यातल्या दुधाच्या नळीकडे बघायला लागल्या. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे; मी ओरडून मास्तरांना हाक मारली. मास्तर धावत आले ते पांढरेफटक पडलेले.

"दूध पचवणारा रस कोकराच्या आतड्यात असतो," ते म्हणाले. "नुसता घातला असता तर पोटात गेला असता. म्हणूनच कोळशाच्या भोकांत बसवला. तो तिथंच राहतो, दूध तेवढं पुढं जातं."

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं, तर पाजलं असतंत?"

सासूबाईंनी नळी अंगणात आपटली. घरमालकानं मास्तरांना खोली सोडायला सांगितलं. शांतेला पुन्हा साधं दूध सुरू झालं आणि पुन्हा तेच. एका सकाळी ती डोळेच उघडेना. सासूबाई उठल्या, थेट शाळेत गेल्या आणि भरल्या वर्गात म्हणाल्या, "मास्तर, दुसरी नळी भरा. दूध मी तापवून ठेवलंय."

शांता वरणभात खायला लागेपर्यंत नळी चालली. घरमालक मात्र बधला नाही. मास्तर पुण्याला निघाले तेव्हा निरोपाला आळीतलं कुणी आलं नाही. सासूबाई शांतेला कडेवर घेऊन सर्विस मोटारीपर्यंत चालत गेल्या आणि गाडी सुटायच्या आधी त्यांनी तिला मास्तरांच्या मांडीवर ठेवलं.

मास्तरांनी आतडी हाताळणारे आपले हात दोनदा धोतराला पुसले, मगच तिला धरलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, इतक्या दिवसांत त्यांनी तिला एकदाही हात लावला नव्हता.