धावड्याचं सगळं बी बुडलं

मंडळी, आज सिमरोलच्या नर्सरीत उजाड टेकडीसाठी आणलेलं धावड्याच्या झाडाचं बी पाण्याच्या बादलीत टाकलं. पोकळ बी तरंगतं, भरलेलं बुडतं. धावड्याचं दरवर्षी बहुतेक तरंगतंच. आज सगळं तळाशी गेलं.

"ताई, इस बार तो पूरी टेकडी हिरवी होणार," नर्सरी सांभाळणारा दिनेश खुशीत म्हणाला.

मला हसू येईना. मध्य भारत राज्य होतं तेव्हा आजोबा जंगल खात्यात होते. ते म्हणायचे, चांगल्या वर्षी धावडा पोकळ बी टाकतो; भरलेलं टाकलं की समजावं, दुष्काळ दाराशी आलाय.

बी पेरलं. शिंपायला पाणी काढायला आम्ही गेलो, तर विहिरीवरचा दोर पुरेना. अजून होळीसुद्धा व्हायचीय.

तुमच्याकडच्या विहिरींना पाणी कुठवर आहे?